सरसाचं निमित्त

आमचा थोरला भाऊ, दादा, सुतारकामात एक नंबर आणि बोलण्यात शून्य. आमच्या वडिलांचे, आप्पांचे, डोळे गेल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. त्यांची आवडती गोष्ट हिब्रू शास्त्रातली. भाऊ मत्सरापोटी भावाला विकतात आणि बापाशी खोटं बोलतात. पुढे त्यांच्यातलाच एक जण सगळ्यात धाकट्याला वाचवायला उभा राहतो. म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम करा. भावाला विकल्याचा भाग आला की दादा उठायचा. म्हणे, लाकूड चिकटवायचा सरस चुलीवर करपतोय. खरंच इतका सरस करपला असता तर आमच्या एकाही खुर्चीला पाय राहिले नसते.

आमच्या कारखान्यात आप्पांचा कायदा एकच. ओलं लाकूड वापरलं, की हत्यारं खाली ठेवायची आणि घर सोडायचं. मधला भाऊ तसाच गेला. एक टेबल गिऱ्हाइकाकडे जाऊन तडकलं आणि दादानं मधल्याकडे बोट दाखवलं. मधला जीव तोडून नाही म्हणत होता, पण दादाचा शब्द म्हणजे आप्पांना काळ्या दगडावरची रेघ. आता मधला परक्या शहरात खिडक्या बसवतो आणि आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही.

परवा एक कपाट परत आलं. दाराची फळी आक्रसून सांध्यातून सुटली होती. काम धाकट्याचं, घाईही त्याचीच. त्याची बायको पोटुशी; घर सोडून जाणार कुठे? आप्पांनी विचारलं, हे कुणाचं?

धाकट्यानं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "माझं." आणि रंधा, पटाशी, करवत आप्पांपुढे नेऊन ठेवली.

आप्पांनी सांध्यावरून बोटं फिरवली. तिरकी ठोकलेली पाचर त्यांना लगेच सापडली.

"हा हात तुझा नाही. खोटं का बोलतोस?"

"याला वाचवायला," दादा म्हणाला. "मागे बोललो ते स्वतःला वाचवायला. ते टेबल माझं होतं, आप्पा."

मला संताप आला. इतकी वर्षं हा माणूस शेजारी बसून जेवला. आणि त्याच वेळी त्याचा अभिमानही वाटला, इतका की रडूच आलं. आप्पा बराच वेळ हत्यारं चाचपत राहिले.

"उचल ही," ते म्हणाले. "मधल्यापुढे नेऊन ठेव. त्यानं परत दिली, तर त्याला घेऊनच घरी ये."

तो देईल. मी बहीण आहे त्याची, मला माहीत आहे.

दादा पिशवी भरत होता, तेवढ्यात मागच्या खोलीतून जळका वास आला. या खेपेला खराच.

"दादा, सरस," मी म्हटलं.

"करपू दे," म्हणाला, आणि निघाला.