मामांची गुळगुळीत तत्त्वं

समोरच्या माणसाची पारख त्याचे डोळे, बोलणं किंवा पगार यांवरून न करता हनुवटीखालच्या चार बोटं कातडीवरून करणारा गृहस्थ अख्ख्या ग्वाल्हेरात एकच आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. लग्न ठरलं तेव्हा मी पुण्याहून इथे प्रथमच आलो होतो. वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाऐवजी मामांनी माझी मान न्याहाळली आणि गंभीरपणे विचारलं, "उलटा चलाते हो?" मला वाटलं, प्रश्न स्कूटरचा आहे. मी नम्रपणे सांगितलं की नाही, माझ्याकडे लायसन्स आहे. मामा महत्त्वाचा विषय नेहमी हिंदीत काढतात आणि समोरचा अगदीच मठ्ठ निघाला तर मराठीवर येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग त्यांनी मराठीत समजावलं की केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने वस्तरा फिरवावा, उलटा फिरवणारा माणूस अधीर असतो. भाचीला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. मी अधीर आहे हे तिला लग्नानंतर आपोआप कळलंच.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मामांनी या कार्याला वाहून घेतलंय. नया बाजारातल्या त्यांच्या घरी सकाळी न्हाणीघर बाकीच्यांसाठी जवळजवळ बंदच असतं. आधी कोमट पाण्याने तोंड भिजवायचं, मग ओला टॉवेल गालावर धरून बसायचं, मग ब्रशने फेस करायचा आणि तो मुरेपर्यंत गप्प राहायचं. घरातल्यांना मामांचं एवढंच मौन लाभतं. वस्तऱ्यावर जोर द्यायचा नाही, पातं बोथट झालं की मोह न धरता फेकायचं, शेवटी गार पाणी मारायचं आणि झोंबणारं काहीही लावायचं नाही. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, असं मानणाऱ्यांविषयी मामांना जी कणव वाटते, ती इतरांना अनाथांविषयी वाटत असावी. इंदरगंजच्या चौकात सिग्नलला थांबले असताना एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला त्यांनी मानेवरच्या पुटकुळ्या खाजवू नकोस म्हणून बजावलं होतं. सिग्नल सुटला तरी उपदेश संपला नव्हता, आणि मागच्या भोंग्यांना मामा अनुमोदन समजत होते. शेजारचे आजोबा गेले तेव्हा सांत्वनाला आम्ही बरोबरच गेलो. सगळे खाली मान घालून बसले होते. मामांनी थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले की सुतकात दाढी करायची नसते, तेवढीच कातडीला विश्रांती.

हे सगळं गमतीचं होतं, पण ते त्यांच्या मुलीच्या, शर्वरीच्या लग्नापर्यंतच. पाटणकर बाजारातल्या एका खानदानी घरातलं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, देखणा, मामींना पाहताक्षणी पसंत. मामांनी त्याला फक्त मान वर करायला सांगितली. गळ्यावर लाल चट्टे होते. पाहुणे गेल्यावर मामांनी निकाल दिला, "जो स्वतःच्या गळ्यावर इतका जोर लावतो, तो दुसऱ्याच्या मुलीला काय जपणार?" दुसऱ्या मुलाने जखमेवर अत्तरी पाणी चोपडलं होतं, म्हणजे दोष झाकायची सवय. तिसरा थोरल्या भावाच्या वस्तऱ्याने दाढी करतो असं बोलता बोलता म्हणाला आणि चहा थंड व्हायच्या आत बाद झाला. शर्वरी आधी हसायची, मग हसेनाशी झाली. मामींनी बोलणं टाकलं. मामांना मुलगी घराबाहेर जाऊच द्यायची नाही आणि दाढी हे निमित्त आहे, असं नातेवाइकांत बोललं जाऊ लागलं. सर्वांत मोठ्याने मीच बोलत होतो.

शेवटी शर्वरीने आपल्या ऑफिसातल्या एका मुलाला घरी आणलं. इथलाच मराठी मुलगा, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा, आणि चेहऱ्यावर भरघोस दाढी. परीक्षेला पेपरच कोरा आला होता. मामांनी विचारलं की ही का ठेवली. आजकालची फॅशन वगैरे उत्तराची आम्ही वाट पाहत होतो, पण तो म्हणाला, "काका, शेव केली की केस आतल्या आतच वळतात. दाने येतात, फिर खून निकलता है. कॉलेजात सगळे हसायचे. म्हणून लपवलं."

मामा उठले. आता हा दाराबाहेर, असं मला वाटलं. पण ते त्याच्या शेजारी जाऊन बसले, दोन बोटांनी त्याच्या गळ्यावरचे केस बाजूला केले आणि विचारलं, "दुखतं का रे?" तो हो म्हणाला. मुलाखत तिथेच संपली.

पुढे मामा स्वतः त्याला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काही लोकांच्या केसांचा वळसाच असा असतो, तुळतुळीत दाढीचा हट्ट सोडावा, मशीनने बारीक केस ठेवावेत, असं डॉक्टर म्हणाले. आयुष्यभराच्या धर्माविरुद्धचा हा निकाल मामांनी निमूटपणे ऐकला आणि येताना मशीन घेऊन आले. दर रविवारी ते त्याला बोलवायचे. आत वळलेला केस उपटायचा नाही, मान ताणायची नाही, घाई करायची नाही, असं शिकवणं चालायचं. लग्नाला होकार नेमका कधी दिला, हे मामींनाही आठवत नाही. मांडवात नवरदेवाच्या गालांवर बारीक, नीटस दाढी होती, आणि मामा प्रत्येक पाहुण्याला जावयाआधी जावयाची मान दाखवत होते.

आता दोघं बंगळुरूला असतात. रविवारी फोनवर चेहरा दिसला की मामा आधी जावयाला मान वर करायला लावतात. आपल्याला कुणी काही विचारतच नाही, म्हणून शर्वरी कुरकुरते. मागच्या रविवारी मी तिथेच होतो. जावई दौऱ्यावर होता, पडद्यावर ती एकटीच. मामा गोंधळले. मुलीशी काय बोलायचं असतं, याची त्यांनी तयारीच केली नव्हती. मग त्यांनी विचारलं, तिकडचं पाणी खारं आहे का. ती म्हणाली, आहे, केस फार गळतात. मामा तेलाविषयी बोलू लागले, शिकेकाईविषयी, मग वेळेवर जेवतेस का याविषयी. मामींनी आतून जेवायला हाक मारली, तर त्यांनी हातानेच थांब म्हणून खुणावलं. मग चष्मा पुसून पुन्हा घातला आणि फोन तोंडाजवळ नेला.

"जरा उजेडाकडे सरक बेटा," ते म्हणाले, "नीट दिसत नाहीयेस."