नकाशाची कोरी बाजू
मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीवर बर्फाचा भुगा पडला, की त्या वासासरशी ती सकाळ आठवते. आम्ही गच्चीवर होतो, खाली मासळीचा लिलाव चालला होता. वर, फुग्याला टांगलेली आमची दुर्बीण दूर-अवरक्त किरणांत, वायूच्या एका मेघात जन्मत्या ताऱ्यांची अंधुक ऊब टिपत होती आणि वारा तिला समुद्राकडे रेटत होता. पाण्यात पडली तर सगळ्याच नोंदी बुडणार. "अजून दहा मिनिटं, मेघ अर्धाच टिपलाय," प्रयोगाचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. ज्यांच्या गच्चीवर आमचा अँटेना होता, ते जन्मभर होडी चालवलेले म्हातारे तांडेल माझ्याकडे वळले. "जाळं भरतंय म्हणून कोण होडी खडकावर घालतो काय गो?" मी सरांना न विचारता दुर्बीण फुग्यापासून तोडायचं बटण दाबलं. फुगा सुटला, दुर्बीण पॅराशूटने लांज्याच्या उघड्या कातळसड्यावर शाबूत उतरली.  तिच्या नोंदींतून झालेला त्या मेघाचा नकाशा आज माझ्या भिंतीवर आहे. अर्धा कोरा का, असं कुणी विचारलं तर सांगते, तिथे खडक होता.