चाचणीचा नंबर

माझं काम कळलं की समोरचा हमखास विचारतो, "मंग आमच्या घरी टावर काहून नाही येत?" अरे बाबा, टॉवर येत नसतो, सिग्नल येतो. आणि तो उणे आकड्यांत मोजतात. उणे ऐंशी म्हणजे झकास, उणे एकशे पंधरा म्हणजे बोंब. इतकी वर्षं हे सांगत आलो. आता सांगत नाही.

काम म्हणजे ड्राइव्ह टेस्ट. गाडीत लॅपटॉप, मागच्या सीटवर ट्रेमध्ये चार मोबाइल; एक फोन लावणारा, बाकीचे नुसता सिग्नल मोजणारे. घाटंजीहून पांढरकवडा, पुढे केळापूर आणि परत. सॉफ्टवेअर आपणच एका नंबरावर फोन लावतं, दोन मिनिटं चालू ठेवतं, तोडतं आणि पंधरा सेकंदांनी पुन्हा लावतं. गाडी पुढे जाईल तसा चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, त्याला हँडओव्हर म्हणतात. सोपवताना सुटला तर कॉल ड्रॉप. मला बघायचं असतं ते एवढंच. पलीकडचं माणूस काय बोलतं याच्याशी आमचा संबंध नसतो, म्हणून त्या मोबाइलचा आवाज बंद ठेवतात.

पलीकडे फोन उचलणारं मात्र लागतं. ऑफिसात आपोआप उचलणारा एक हँडसेट होता, तो बिघडला. नवीन येईपर्यंत मी बाबांचा नंबर टाकला. आई गेल्यापासून ते घाटंजीला एकटेच होते. मनात म्हटलं, बरंच आहे, फोन उचलला म्हणजे माणूस ठीक आहे. त्यांच्या छातीचं दुखणं सुरू झालं होतं, आणि दुखलं की अंगावर काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मीही रोज सांगायचो, "जरा जरी दुखलं तरी आधी मला सांगा. तासाभरात येतो."

"सांगीन ना बापा. तुले नाही सांगणार तं कोणाले?"

बाबा तहसीलमधून रिटायर झालेले. सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. कागद आला की नोंद, गेला की नोंद. वर पाठवला की आपलं काम झालं, उत्तर येईपर्यंत थांबायचं. माझ्या टेस्टचंही त्यांनी रजिस्टर केलं. दोनशेपानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले: वेळ, तपशील, शेरा. मी वैतागलो. "अहो बाबा, हे कशाला? सगळं लॅपटॉपमध्ये येतं."

"तुह्या लॅपटॉपात तुह्यं असन. माह्यं कुठी हाय?"

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तक्रार केली. "अरे, तू तं काहीच बोलून नाही राह्यला. हॅलो हॅलो करून थकलो मी."

"मी नसतो तिकडे. मशीन फोन लावते. तुम्ही नुसता उचला."

"तुह्याच नावानं येते, अन् तू नसतो?"

टेस्टच्या सिमचा नंबर त्यांनी माझ्याच नावाने सेव्ह केला होता. ते नाव बदलून द्यायला आणि नीट समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी कंटाळा केला. हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं. वाटत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, केळापूरच्या अलीकडे, कॉल उचलले जाईनात. स्क्रीनवर लाल पट्ट्या येत राहिल्या. मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. चिडलोच होतो, सगळ्या टेस्टची वाट लागली म्हणून. दहा-बारा कॉल तसेच गेल्यावर रिपोर्टात शेरा मारला: घाटंजी, घराच्या आत सिग्नल कमकुवत, टॉवरवरच्या अँटेनाचा कोन तपासावा. पाठवूनही दिला.

मग माझ्या स्वतःच्या फोनवर शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबांचा मोबाइल थांबून थांबून वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं, म्हणून त्यांनी दार ढकलून पाहिलं होतं. त्या रडत होत्या. मी म्हटलं, "बरं. येतो." गाडी घाटंजीकडे वळली तरी मागचा मोबाइल फोन लावतच होता. सॉफ्टवेअर बंद करायचं मला सुचलं नाही.

मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोराला धक्का बसला. धक्का कसला, काहीच नव्हतं. चहा दिला की पीत होतो, ऊठ म्हटलं की उठत होतो. तेरवीनंतर सगळे गेले, तेव्हा ती वही आणि लॅपटॉप शेजारी ठेवून बसलो.

दुपारी एक चाळीस. माझ्याकडे: कॉल यशस्वी, सिग्नल उणे अठ्ठ्याहत्तर, आवाजाच्या दर्जाला पाचपैकी चार गुण. त्यांच्याकडे: "आला. छातीत दुखते असे कळविले. उत्तर नाही."

एक बेचाळीस. माझ्याकडे: कॉल यशस्वी, हँडओव्हर यशस्वी. त्यांच्याकडे: "आला. पुन्हा कळविले."

एक चव्वेचाळीस. माझ्याकडे: कॉल यशस्वी. त्यांच्याकडे नुसतं "आला." अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं.

काकू भिंतीपलीकडेच होत्या. एक हाक मारली असती तर धावत आल्या असत्या. पण बाबांनी मला कळवलं होतं, दोनदा. कळवल्यावर आणखी कुणाला सांगायचं असतं, हे त्यांना त्या टेबलावर कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आधी मला सांगा, असं तर मीच रोज म्हणत होतो.

शेऱ्याचा रकाना त्या पानावर वरपासून कोरा आहे. फक्त शेवटच्या नोंदीपुढे लिहिलंय: "मुलगा कामात आहे. उत्तराची वाट पाहणे."