आलेखावरचं दुसरं टोक

अलिबागच्या पुढे, खाडीकाठच्या एका लहानशा औषध कारखान्यात मी केमिस्ट होते. तयार मालाचा नमुना यंत्रात टोचायचा, आतल्या तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हायची आणि कागदावर आलेख निघायचा. आलेखावरचं एक टोक म्हणजे एक पदार्थ; शुद्ध मालाचं एकच यायला हवं. त्या दुपारी दोन टोकं आली. तीनदा टोचलं, तिन्हीदा दोन. मी शेरा लिहिला : माल अशुद्ध, जास्त तापवल्याची शक्यता.

तेवढ्या एका ओळीवर सुपरवायझर प्लांटमध्ये धावला. माल तापवून तयार करायच्या टाकीवरचा, म्हणजे रिअॅक्टरवरचा ऑपरेटर शेजारच्या गावातला, कित्येक वर्षं तिथेच राबलेला.

"मी जास्त तापवलं न्हाय, साहेब. वही बघा."

सुपरवायझरनं हातातला पाना त्याच्या तोंडावर हाणला. त्याच्यामागे निघालेल्या मला जबडा मोडल्याचा आवाज जिन्यात ऐकू आला. तो खाली पडला तरी लाथा चालूच. चौघांनी मिळून त्याला सोडवलं. तोंडातून रक्त आणि दात एकदमच आले. मी आलेख हातात धरून नुसती उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरची तापमानाच्या नोंदींची वही पाहिली. तापमान अगदी बरोबर होतं. मग यंत्र पाहिलं. नळी अडीचशे अंशांवर होती. आधीच्या मालासाठी लावलेली, मी बदललीच नव्हती. दीडशेवर आणून टोचलं, दुसरं टोक खुजं झालं. एकशेवीसला ते उरलंच नाही. माल शुद्ध होता. त्याचे रेणू माझ्या यंत्रात, माझ्या आचेनं तुटत होते.

मी हे मॅनेजरना दाखवलं, तर ते म्हणाले, "नवा आलेख लाव, जुना फाडून टाक. तू यात पडू नकोस."

मी दोन्ही आलेख घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. ऑपरेटरचा जबडा तारांनी बांधला होता. त्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या कानफटात मारली. दुसरी मारली तेव्हा माझा चष्मा उडाला.

"मंग हे काल का न्हाय बघितलंस?"

मी चष्मा उचलला. तिनं मनगट पकडून मला पोलीस ठाण्यापर्यंत ओढत नेलं. मी मारहाणीचा आणि माझ्या चुकीचा जबाब दिला, आलेख दिले. सुपरवायझरला त्याच संध्याकाळी अटक झाली. आठवड्याभरात मला कामावरून काढलं.

ऑपरेटर पुढे कामावर परतला. बाजारात कधी समोर आला तर तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी त्याला हाक मारत नाही.