छावणीतले पाच दिवस

उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला गेलं की हात अर्ध्यात अडायचा. मग मी फळ्याच्या खालच्या भागातच लिहायला लागले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हाडाला काही नाही. कधीपासून आहे हे?"

"चार वर्षं झाली."

"तेव्हा काही झालं होतं का? पडलात वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

नवरा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "पडली नाही. पण टँकरचं झालं होतं."

आमच्या घरात त्या गोष्टीला एवढंच नाव होतं.

आम्ही शहराच्या कडेला नवीन प्लॉटिंगमध्ये घर बांधलं तेव्हा तिथं नळ नव्हता. पाइपलाइन येणार असं सगळेच सांगायचे. मग दुष्काळाची वर्षं आली, बोअर आटले आणि गल्ली टँकरवर जगायला लागली. टँकर कधी चार दिवसांनी यायचा, कधी आठ. आमची गल्ली पुढं बंद, त्यामुळे त्याला मागं मागं यावं लागायचं. वर्गात ओरडून माझा आवाज मोठा झालेला, म्हणून मागं उभं राहून हात दाखवायचं काम माझ्याकडं आलं. ड्रायव्हर आरशात माझा हात बघायचा.

शेजारी एक मावशी राहायच्या. गंगापूरकडच्या. त्यांचे यजमान वाळूजच्या एका कंपनीत वॉचमन होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. मावशी माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या. मी शाळेत असले आणि टँकर आला तर माझा ड्रम त्याच भरून ठेवायच्या, वर फडकं बांधून.

त्या रविवारी टँकर आठव्या दिवशी आला. दुपारची वेळ. ड्रमांची रांग लागलेली. टँकर मागं आला आणि मावशी रांगेतला एक कलंडलेला ड्रम सरळ करायला मधे गेल्या. टँकर आणि भिंत यांच्यामध्ये त्या सापडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या होत्या.

लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलं. कुणीतरी मला विचारलं, "बाई, तुम्ही तर मागंच होता. कसं झालं?" मी म्हणाले, "मी थांबा म्हणत होते. त्यानं ऐकलं नाही." पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. काकांनाही तेच.

नंतर शहर आमच्यापर्यंत येऊन पोचलं. दर दुसऱ्या प्लॉटवर बांधकाम निघालं. विटांचे ट्रक, सिमेंटच्या गाड्या, जेसीबी, सगळे मागं येताना तो टिंग टिंग आवाज करायचे. तो ऐकला की मी जिथं असेन तिथं भिंत सोडून बाजूला व्हायचे. एकदा वर्ग चालू असताना बाहेर ट्रक मागं आला आणि मी मुलांना बाकांवर तसंच सोडून मधल्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. मुख्याध्यापिकांनी त्या दिवसापासून मला आतल्या बाजूचा वर्ग दिला.

हाडांच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी वर्षभर गोळ्या दिल्या. झोप लागायला लागली, बाकी तसंच. मग ते म्हणाले, ईएमडीआर म्हणून एक उपचार आहे, आघात झालेल्या लोकांसाठी. एरवी आठवड्यातून एकदा करतात, पण सलग पाच दिवसही करता येतो. मला दर आठवड्याला सुट्टी मिळणार नव्हती. दिवाळीच्या सुट्टीतले पाच दिवस आम्ही ठरवले.

शहरातल्या छावणी भागात एका शांत रस्त्यावर पहिल्या मजल्यावर ती खोली होती. उपचार करणाऱ्या मॅडम पस्तिशीच्या असतील. त्या मला ताई म्हणायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी नीट सांगितलं. "सकाळी तीन तास, जेवणानंतर दीड तास. तुम्ही थकाल. डोकं दुखेल, स्वप्नं पडतील, मधेच रडू येईल, नाहीतर काहीच वाटणार नाही. या आठवड्यात घरी स्वयंपाकाला कुणी आहे का?"

"मी आहे ना," नवरा म्हणाला. त्याला फक्त खिचडी येते. पाच दिवस आम्ही खिचडी खाल्ली.

मी विचारलं, "हे विसरायला लावतात का?"

"नाही. आठवण राहते. ती आत्ता घडतेय असं शरीराला वाटतं, ते कमी होतं. सगळ्यांचं सारखंच होत नाही. कधीही थांबावंसं वाटलं तर हात वर करा."

"तोच तर वर होत नाही," मी म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग डावा करा."

पहिला दिवस नुसता तयारीत गेला. मनात एक सुरक्षित जागा शोधायची होती. घाबरायला झालं की तिथं जायचं. मी माहेरचं, देवगाव रंगारीचं शेत निवडलं. डोळे मिटले तर शेतातली कोरडी विहीरच पुढं आली आणि छाती धडधडायला लागली. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, दुसरी शोधू. मग मला घरातली ती खोली आठवली जिच्यात वेचणीनंतर कापूस भरून ठेवायचे. आम्ही बहिणी त्या ढिगावर चढून बसायचो. अंगाखाली सगळं ऊबदार, कापसाचा तो धुळकट वास, आणि बाहेरचा आवाज अगदी बारीक. ती जागा टिकली.

दुसऱ्या दिवशी खरं सुरू झालं. मॅडम समोर जरा तिरप्या बसल्या. त्या दिवसाचं सर्वांत वाईट चित्र डोळ्यांपुढं आणायचं, शून्य ते दहामध्ये किती त्रास होतो ते सांगायचं, स्वतःबद्दल काय वाटतं ते सांगायचं. मी म्हणाले, दहा. आणि म्हणाले, "मी वाईट बाई आहे." ते वाक्य माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. मग त्यांची दोन बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि माझे डोळे त्यांच्या मागं. थोड्या वेळानं त्या थांबायच्या. "श्वास घ्या. आता काय आलं?" मी जे आलं ते सांगायचे. भिंत. निळा ड्रम. मावशींची चप्पल. त्या समजूत घालत नव्हत्या, "तिथूनच पुढं जाऊ" एवढंच म्हणायच्या. पुन्हा बोटं. डोळे दुखायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या दोन्ही हातांत लहान यंत्रं दिली. ती आळीपाळीनं थरथरायची.

त्या दिवशी रिक्षात बसले तेव्हा मला आमच्या कॉलनीचं नाव आठवेना. नवऱ्यानं सांगितलं. घरी येऊन मी चार वाजता झोपले ती सकाळी उठले.

तिसऱ्या दिवशी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. अंगात ताप असल्यासारखं वाटत होतं. नवरा रिक्षा घेऊन आला आणि दारात उभा राहिला. तो काही बोलला असता तर मी भांडले असते. तो बोलला नाही म्हणून गेले.

त्या सकाळी चित्रापेक्षा आवाज आधी आला. माझाच आवाज. मॅडमनी विचारलं, "आता काय आलं?" आणि मी म्हणाले, "येऊ द्या."

"काय येऊ द्या?"

मग मी सांगितलं. टँकर नेहमी विजेच्या खांबापाशी थांबायचा. तिथून पाइप शेवटच्या ड्रमपर्यंत पोचायचा नाही. शेवटचा ड्रम माझा असला की मला बादल्यांनी पाणी न्यावं लागायचं. त्या दिवशी तो माझाच होता आणि माझी कंबर दुखत होती. ड्रायव्हर खांबापाशी थांबला होता. त्यानं मान बाहेर काढून विचारलंही, "बस का?" आणि मी हात वर करून म्हणाले, "अजून येऊ द्या." मी पाइपाकडं बघत होते. मावशींकडं नाही. थांबा मी म्हणालेच नव्हते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाच वर्षं मी त्याच्याकडं पाठ करून उभी होते, एवढंच.

मॅडमनी पाणी दिलं आणि विचारलं, "आत्ता हात कसा आहे?" दंडापासून मनगटापर्यंत आग होत होती. मी खूप रडले. त्या दिवशी दुपारचं सत्र त्यांनी अर्ध्यावर आणलं.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी आम्ही त्याच जागी पुन्हा पुन्हा गेलो. कंटाळा यावा इतक्या वेळा. दहाचे सहा झाले, मग तीन. "मी वाईट बाई आहे" याच्या जागी काय म्हणावंसं वाटतं, असं त्यांनी विचारलं. मला छान काही सुचेना. शेवटी मी म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली, आणि मी खोटं बोलले." त्या म्हणाल्या, "हे खरं वाटतं?" मी म्हणाले, "व्हय." शाळेत गेल्यापासून हा शब्द मी तोंडात येऊ देत नव्हते.

निघताना मी विचारलं, काकांना सांगायला हवं का. त्या म्हणाल्या, "उपचाराचा तो भाग नाही. घाई करू नका. पण ठरवाल ते तुमचं."

मी तीन महिने घेतले. काका तोवर मुलीकडे गंगापूरला राहायला गेले होते. नवरा बरोबर येतो म्हणाला, पण मी एकटी एसटीनं गेले. काका ओसरीवर बसले होते. बरेच वाळले होते. आत चहा ठेवला होता, तो होईपर्यंतही मी बोलायची थांबले नाही. सगळं सांगितलं, खांब, पाइप, कंबर, सगळं.

काका म्हणाले, "बाई, हे तवाच सांगायला पायजे होतं."

"हो."

"म्या कोर्टात त्या ड्रायव्हरच्या विरुद्ध बोललो. तुम्ही सांगितलं तेच बोललो. त्याची बायको माझ्या पाया पडली व्हती. म्या पाय मागं घेतले."

माफी मागायला गेले होते, ती मागता आली नाही.

"सुटला म्हणं तो मागून," काका म्हणाले. "पण गाडी चालवायची सोडली त्यानं. बीडकडचा व्हता. कुठं हाय, नाय माहीत."

आतून मुलीनं जेवायला बोलावलं. मला वाटलं, ते मला जायला सांगतील. ते उठले, भिंतीला धरून आत गेले आणि म्हणाले, "हात धुवा." आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी.

ड्रायव्हरचा पत्ता मी शोधला. ज्याचे टँकर होते त्या माणसानं धंदा बंद केलेला, फोन लागत नव्हता. पोलीस ठाण्यात गेले तर तिथले म्हणाले, केस संपली, आता तुम्हाला काय करायचंय. मी लेखी जबाब देते म्हटलं. त्यांनी तो ठेवून घेतला. त्याचं पुढं काही झालं असं वाटत नाही.

मॅडमना फोनवर हे सांगितलं. म्हटलं, भीती गेली, हातही बराच वर जातो, पण हे जात नाही. त्या म्हणाल्या, "हे जाईल असं मी सांगणार नाही, ताई." मला ते बरं वाटलं.

गंगापूरला मी अजून जाते. मी गेले की काका बसा म्हणतात आणि कपाशीचं, उसाचं, गुडघ्याचं सांगत राहतात. मावशींचं नाव ते माझ्यासमोर काढत नाहीत, मीही काढत नाही. गेल्या खेपेला त्यांच्यासाठी गुडघ्याचा पट्टा नेला होता. सैल झाला. पुढच्या वेळी लहान मापाचा आणते म्हटलं, तर म्हणाले, "आणा."