दुसऱ्या हातातली बांगडी

आत्याला दौंडच्या अलीकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं त्याला आता तीन वर्षं होतील. 'ठेवलं' हा शब्द मला आवडत नाही, पण 'दाखल केलं' म्हटलं की शाळा नाहीतर गुन्हा आठवतो. शिरूरहून न्हावऱ्यावरून मोटारसायकलने सव्वा तास लागतो. दर रविवारी जातो. आत्या कधी मला ओळखते, कधी मला माझे वडील समजून 'दादा' म्हणते. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. सुरुवातीला मी दुरुस्ती सुचवायचो. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस, पुस्तक चुकीच्या कपाटात दिसलं की हात शिवशिवतात. हल्ली सुचवत नाही.

ज्या रविवारबद्दल लिहितोय त्या दिवशी तिथे 'आठवणींचा झुला' नावाचा कार्यक्रम होता. म्हाताऱ्या माणसांना जुन्या दिवसांबद्दल बोलतं केलं की त्यांना बरं वाटतं, असं कुणीतरी संचालकांना सांगितलं होतं. ते खरंही आहे. पण त्यासाठी अंगणात मांडव घातला होता, व्यासपीठावर पाच सोफे होते आणि शेवग्याच्या झाडाला एक भला मोठा फ्लेक्स बांधला होता. फ्लेक्सवर सगळ्या पाहुण्यांचे फोटो होते. ज्यांच्याकडे आठवणी होत्या ते समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते आणि ज्यांच्याकडे माइक होता ते सोफ्यावर.

सत्कार झाले. शाली झाल्या. मग निवेदिकेने पहिल्या रांगेतल्या एका आजोबांसमोर माइक धरून विचारलं, "आजोबा, पूर्वीचा काळ किती छान होता, नाही?"

आजोबांनी थोडा विचार केला. "व्हय," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या आणि माइक प्रमुख पाहुण्यांकडे गेला. पाहुण्यांनी स्वतःच्या बालपणाच्या आठवणी सांगितल्या. ते नदी पोहून शाळेत जात असत. मी आजवर ऐकलेले बहुतेक प्रमुख पाहुणे नदी पोहूनच शाळेत गेलेले आहेत. पूल असलेल्या गावातून कुणी पुढे येत नसावं.

शेवग्याच्या फांदीला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते फ्लेक्स बांधणाऱ्यांना दिसलं नव्हतं. वाऱ्याने फ्लेक्स ओढला गेला आणि माश्या उठल्या. पाहुण्यांना कानामागे एक चावली. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. पुढच्या दोन मिनिटांत मांडव रिकामा झाला. समोर बसलेल्यांपैकी फक्त आत्याला चावल्या, डाव्या हातावर दोन.

सिस्टरनी गोळी दिली, बर्फ लावला. तासाभरात हात कणकेच्या गोळ्यासारखा फुगला. प्रश्न हाताचा नव्हता, बांगडीचा होता. आत्याच्या डाव्या मनगटात सोन्याची एकच बांगडी होती, अखंड, उघडता न येणारी. ती आता मांसात रुतायला लागली होती. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "बोटं निळी पडतायत का बघा. बांगडी लगेच काढा. निघत नसेल तर कापा, संध्याकाळपर्यंत थांबू नका."

बोटांचा रंग मला आवडला नाही. सिस्टरनी साबण लावून पाहिला, पण आत्या कुणाला हात धरूच देईना. मग तिथल्या इलेक्ट्रिशियनने तार तोडायची पकड आणली. सिस्टर मला म्हणाल्या, "काका, तुम्ही खांदे धरा. दोन मिनिटांचं काम आहे."

आत्याने पकड पाहिली आणि हात छातीशी दाबून धरला. "दादा," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग ना रं. ही ऱ्हाऊ द्या म्हनावं."

हे वाक्य मला ठाऊक होतं. आत्याचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या काचेच्या बांगड्या फोडल्या आणि सोन्याची उतरवायलाही पुढे सरल्या. ती तिच्या आईने दिलेली होती. थोरला भाऊ म्हणून माझे वडील मध्ये पडले आणि म्हणाले, ही राहील. राहिली. पन्नासहून जास्त वर्षं. वडिलांनी आयुष्यात रीतीला विरोध केल्याचं माझ्या ऐकिवातलं हे एकच उदाहरण, आणि आता त्यांच्याच नावाने हाक मारून ती मला विनवत होती आणि मी तिचे खांदे धरायचे होते. हात वाचवायचा तर बांगडी जाणार, आणि पुढे ती जितकी वर्षं जगेल तितकी वर्षं तिच्या डोक्यात हेच राहणार की दादानेच धरलं.

"ती पकड भाईर न्या आधी," दारातून कुणीतरी म्हणालं.

पुरुषांच्या खोल्यांकडचे एक चाचा होते. शिरूरचे मणियार. पाठीवर पेटी घेऊन सगळ्या तालुक्याला त्यांनी बांगड्या भरल्या होत्या, वडगाव रासाईपासून घोडनदीच्या काठापर्यंत. आता पंच्याऐंशीच्या घरात होते आणि दिवसभर व्हरांड्यात बसून असत. त्यांनी सिस्टरना गार पाणी, खोबरेल आणि धुतलेली दुधाची पिशवी आणायला सांगितलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आणा." दुसरं काय म्हणणार?

चाचा पलंगाशी जमिनीवर बसले. आत्याचं कोपर उशीवर टेकवून हात उभा ठेवला, ओला फडका गुंडाळला आणि तसेच बसून राहिले. बांगडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"माहेर कुठलं, आक्का?"

पकड खरंच गेली का ते आत्या दाराकडे बघत होती.

"घोडकाठचं वाटतंय."

"इनामगाव," आत्या म्हणाली.

"मंग ते पुन्याचं लोक उकरत व्हते, तवा तुमी तिथंच?"

"तिथंच म्हंजी? पाट्या टाकल्यात मी तिथं. मजुरीनं."

इनामगावला पुरातन वस्ती सापडली तेव्हा मी शाळकरी होतो. मला फक्त तंबू आठवतात. आत्याने तिथे काम केलं होतं हे मला माहीतच नव्हतं. मी त्या उत्खननावरची पुस्तकं वाचली आहेत, तिला कधी विचारलं नाही.

"सायब लोक कुंचल्यानं माती झाडायचं," आत्या सांगत होती. "आमची आई म्हनायची, मानूस लई शिकला का येडा व्हतो. घरच्या भुईला झाडू न्हाई मारायचा, आन् इथं मातीतली माती झाडतोय."

"खरं हाय." चाचांनी फडका काढला. बोटांपासून मनगटाकडे हलकं चोळत राहिले.

"येकदा माझ्या पाटीत बांगडीचा तुकडा निगाला. शंखाची म्हनं. सायब असा हरकला, जनू त्याला नात झाली."

"कशी व्हती?"

"मळकी. फुकट दिली तर कोन घालनार न्हाई."

"तीन हजार वर्सं टिकली ना? माल चांगला व्हता."

"तुमच्यासारखा न्हवता," आत्या म्हणाली. "आमच्या वयनीनं तुमच्याकडून डझनभर भरल्या, सांच्यापातूर तीन फुटल्या."

ही वयनी म्हणजे माझी आई.

"न्हाई फुटल्या तर मी खायाचं काय, आक्का?" चाचा म्हणाले. दुधाची पिशवी एव्हाना तेल लावून तिच्या हातावर चढली होती, बांगडीच्या खालून एक टोक बाहेर आलं होतं.

"म्हंजी मुद्दाम कच्च्या इकायचा?"

"वयनी भांडी कशी घासायची ते सांगा की. आपटून?"

"आपटून. त्या बाईला कवाच सबुरी न्हवती. घागर ठिवली तरी शेजारनीला कळायचं." आत्या हसली. आईबद्दल हे शंभर टक्के खरं आहे. त्या हसण्यात तिचा अंगठा आत वळला, चाचांनी तळहात दुमडल्यासारखा केला आणि पिशवीवरून बांगडी घसरली. ती त्यांच्या हातात क्षणभरही राहिली नाही. आत्याचा उजवा हात शेजारीच होता, त्यात त्यांनी ती चढवली आणि मगच मागे सरले.

सिस्टरनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी पलंगाच्या कडेला बसलो.

आत्याच्या थोड्या वेळाने लक्षात आलं. "ह्या हातात कशी ही?"

"त्यो सुजलाय," चाचा म्हणाले. "जागा न्हाई तिकडं."

"आस्सं." तिने बांगडी एकदा फिरवून पाहिली. "मंग ऱ्हाऊ दे हितंच."

नंतर व्हरांड्यात मी चाचांना चहा दिला आणि विचारलं, "आत्याला ओळखलंत का तुम्ही?"

"न्हाई. इनामगावात काय थोड्या बाया व्हत्या?"

"पण घोडकाठच्या म्हणालात."

"हितं निम्म्या बाया घोडकाठच्याच. लागला तर लागला." त्यांनी बशीत चहा ओतला. "माहेर काढलं का बाईचा हात ढिला पडतो. घट्ट हातात बांगडी जात न्हाई आन् येतबी न्हाई. धंदाच हाय."

"आणि लगेच दुसऱ्या हातात?"

"हात रिकामा ठिवून उठायचं न्हाई. बापानं येवढंच शिकवलं. बाकी काय त्याला येत न्हवतं."

निघताना मांडवाकडे पाहिलं. फ्लेक्स एका दोरीवर लोंबत होता, पाहुणे उलटे झाले होते. रात्री संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ज्येष्ठांनी दिला आठवणींना उजाळा' असा मजकूर आला. मी पहिल्यांदाच त्यांच्या मजकुराखाली अंगठा टाकला. मजकूर बरोबर होता, फक्त फोटो चुकले होते.

पुढच्या रविवारी सूज पूर्ण उतरली होती. बोटं नेहमीच्या रंगाची होती, ती मी एकेक करून पाहिली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, बांगडी आता परत डाव्या हातात घालू या का?"

"नगं," आत्या म्हणाली. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता आलं नव्हतं. "आमच्या इनामगावच्या मणियारानं भरलीया. कालच येऊन गेला. दादा व्हता की माझ्याजवळ."

चाचा शिरूरचे, इनामगावचे नव्हेत. काल नाही, आठ दिवस झाले. आणि दादा तर मी नव्हेच.

"होतो," मी म्हणालो.