एक जुलैचे अकरा अन् सव्वीस जूनचा एक

बाबूसिंग गुरुजींनी आपल्या शाळेत एक कायदा केला होता. साऱ्या शाळेत तो दोघांनाच लागू होता: एक स्वतः गुरुजी आणि दुसरा त्यांचा नातू लालसिंग. तांड्यात आजोबाला दादा म्हणतात. घरी लालसिंगनं दिवसभर दादा, दादा करावं, कोणाची ना नव्हती. पण शाळेच्या फाटकात किंवा खेळाच्या मैदानात पाय पडला की दादा घरी राहिले आणि समोर उभे ते गुरुजी. चुकून 'दादा' निघालं तर मैदानाला एक फेरी. आणि गुरुजींच्या तोंडून 'नातू' निघालं, तर फेरी गुरुजींची.

पहिल्या वर्षी लालसिंगनं इतक्या फेऱ्या मारल्या की मैदानाच्या कडेनं पायवाट पडली. गुरुजींची एकही नाही. लालसिंग मात्र टपूनच असायचा.

"गुरुजी, मी तुमचा कोण?"

"हजेरी नंबर नऊ."

"अन् घरी?"

"ते घरी इच्यार. बस खाली."

या फेऱ्यांचा एक फायदा झाला. सातवीत येईपर्यंत पोरगं असं पळायला लागलं, की खो-खोत त्याला शिवणं म्हणजे वाऱ्याला गाठ मारणं.

हा बंजाऱ्यांचा तांडा मुखिया उत्तमसिंग नाइकांचा, आर्णीपासून पाचेक मैलांवर. नाइकांच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. आता लोक कपाशी-तूर पेरत होते, पण चालायचं वेड पायांतून गेलेलं नव्हतं. गुरुजी म्हणायचे, "आपल्या पोट्ट्याइले पळायले शिकवा लागत नाई. थांबायले शिकवा लागते." तांड्यातून सातवीची फायनल परीक्षा पास झालेले ते पहिले. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात सुतळीला बांधलेली पितळी शिटी. छप्पन साली जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, साठ साली महाराष्ट्र झाला, कागदांवरचे शिक्के बदलले. शिटी तीच राहिली.

मैदान आखायला चुना कुठून आणणार? गुरुजी घरच्या चुलीतली राख टोपल्यानं न्यायचे. रुपीबाई, म्हणजे लालसिंगची आजी, दारात उभी राहून ओरडायची, "अन् मी भांडी कायनं घासू? तुमच्या शिटीनं?"

खो-खोचं त्यांचं शिकवणंही त्यांच्यासारखंच. "खो म्हणजे पाठीले हात लावणं. धपाटा नाई. धपाटा हा माया हक्क हाय." आणि ते तो हक्क बजावून दाखवायचे.

एकसष्ट साली गुरुजींनी बारा पोरांचा असा काही संघ बांधला, की आर्णीच्या सामन्यांत नाव निघणार हे तांड्यातल्या शेळ्यांनासुद्धा कळलं होतं. लालसिंग त्यातला हुकमाचा एक्का. आर्णीच्या मैदानावर, हजार माणसांसमोर पळायचं, एवढं एकच स्वप्न त्यानं दोन वर्षं पाहिलं होतं. सराव म्हणून तो पाणी आणायलाही नागमोडी जायचा आणि अर्धी घागर सांडून यायचा.

आणि नोव्हेंबरात परिपत्रक आलं. एक जुलैला ज्याला चौदा वर्षं पूर्ण झाली, तो खेळाडू बाद.

गुरुजींनी दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं. आता या रजिस्टरची गंमत सांगायला हवी. तांड्यात कोणाच्याच घरी जन्मतारीख नव्हती. दाखल्याच्या वेळी गुरुजी विचारायचे, "पोट्टं कधी झालं?"

"टोळधाड आलती ना, त्याच्या पुढच्या साली. तूर कापून राह्यलो होतो."

दुसरी एखादी माय म्हणायची, "आमची कबरी गाय व्याली, त्याच्या आठ दिवस आधी." आता कबरी गाय कधी व्याली, हे कबरीलाच माहीत. गुरुजी बोटं मोजून वर्ष धरायचे, आणि तारीख सगळ्यांची एकच टाकायचे: एक जुलै. शाळाही त्याच सुमारास भरते, आणि आकडाही लिहायला सोपा. संघातला जमनाबाईचा देवसिंग तर लालसिंगला कडेवर घेऊन हिंडलेला. त्याच्या ओठावर कोवळी मिशी आलेली, पण रजिस्टरात तो लालसिंगपेक्षा एक वर्षानं लहान.

साऱ्या तांड्यात खरी तारीख एकाचीच होती. सत्तेचाळीसच्या सव्वीस जूनला शाळा उघडली, गुरुजी फळ्यावर तारीख लिहीत होते, आणि निरोप आला की घरी नातू झाला. गुरुजींनी तारखेखाली लिहिलं, 'आज नातू झाला. सुट्टी.' एवढ्यानं भागलं नाही म्हणून हजेरीपटावरही तेच लिहिलं. पुढच्या तपासणीत साहेबांनी तांबड्या शाईनं शेरा मारला: 'नातू होणे हे सुट्टीचे कारण नाही.' गुरुजींना त्या शेऱ्याचा फार अभिमान. "माया लालसिंगच्या जन्माची सरकारनं नोंद घेतली हाय," म्हणायचे.

आता तीच तारीख आडवी आली. एक जुलैला लालसिंग चौदा वर्षं आणि पाच दिवसांचा होता. बाकीचे अकरा बिनधोक.

संध्याकाळी उत्तमसिंग नाइक स्वतः ओट्यावर येऊन बसले. "गुरुजी, साऱ्या तांड्याच्या तारखा तुमीच लिहिल्या ना?"

"लिहिल्या."

"मंग अजून एक लिहाले काय होते? दौत बी तुमची, टाक बी तुमचा."

"नाइक, जे मले माहीत नवतं ते मी अंदाजानं लिहिलं. हे मले माहीत हाय."

"म्हंजे माहीत असणं हाच गुन्हा झाला काय?"

"तसंच काईसं," गुरुजी म्हणाले आणि शिटी पुसत बसले.

रुपीबाईनं त्या रात्री भाकरीवर नुसतं मीठ ठेवलं. दुसऱ्या दिवशी मीठही ठेवलं नाही. गुरुजी म्हणाले, "छान झाली." तिसऱ्या दिवशी तिनंच कंटाळून कांदा फोडला.

लालसिंग एवढंच म्हणाला, "दादा, तुमी त्या दिवशी फळा पुसून टाकला असता तर?"

गुरुजी म्हणाले, "कसा पुसणार बे? मोठ्या आनंदानं लिहिलं होतं."

यावर भांडायचं कसं, ते लालसिंगला कळेना. तो गोठ्यात जाऊन बैलापाशी रडला.

डिसेंबरात आर्णीला संघ निघाला, बैलगाडीतून. लालसिंगही निघाला, पण त्याच्या हाती पाण्याची बादली होती. समोर एका मोठ्या गावची शाळा. त्यांचे कमलाकर मास्तर इस्त्रीची विजार घालणारे, डोळ्यांवर चष्मा. सामना सुरू व्हायच्या आधी त्यांनी तांड्याच्या संघाची यादी हातात घेतली आणि मोठ्यानं वाचू लागले.

"एक जुलै. एक जुलै. एक जुलै. अहो गुरुजी, त्या दिवशी तुमच्या तांड्यात जत्रा होती काय?"

लोक खदखदून हसले. सामन्यांना तपासणीचे यज्ञेश्वरसाहेब आले होते, ते खुर्चीवरून उठून आले. कमलाकर मास्तरांनी देवसिंगला पुढं ओढलं. "साहेब, ही मिशी पाहा. ही तेरा वर्षांची मिशी आहे?"

"मिशी माया बापाची हाय," देवसिंग म्हणाला. "त्याले बी लवकर आलती."

साहेबांनी हसू दाबलं. "गुरुजी, खरं सांगा. या तारखा बरोबर आहेत?"

बादली धरून उभ्या लालसिंगनं ओळखलं. गुरुजी खरं बोलणार, आणि आता अकराच्या अकरा बाद होणार.

"नाई साहेब," गुरुजी म्हणाले. "जन्म मायनं दिला, तारीख मी दिली. अंदाज हाय. तुमच्यासमोर मी त्याले खरं म्हणनार नाई."

"म्हणजे एकही तारीख खरी नाही?"

"एक हाय. तो बाहेर उभा हाय. पाच दिवसानं मोठा भरला."

"तो कोण?"

गुरुजींनी मान वळवली. बादलीवाल्याकडे पाहिलं आणि छाती फुगवून म्हणाले, "तो? तो माया नातू!"

बादली धाडकन खाली पडली.

"गुरुजी, फेरी!" लालसिंग किंचाळला. "नातू म्हणाले! फेरी, फेरी!"

अकराच्या अकरा पोरांनी गलका उचलला. साहेब गोंधळले. देवसिंगनं त्यांना सारा कायदा समजावून सांगितला. साहेबांनी ऐकलं, आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "कायदा तो कायदा. गुरुजी, फेरी."

गुरुजींनी टोपी काढून साहेबांच्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि पळायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, दातांत शिटी धरलेली, श्वासागणिक तीच आपोआप पी-पी वाजते आहे, आणि हजार माणसं टाळ्या देत आहेत. तिकडे साहेबांनी सहज म्हणून दुसरी यादी मागितली. कमलाकर मास्तरांच्या संघात सात जण एक जूनचे निघाले.

"तुमची जत्रा महिनाभर आधी भरते वाटतं," साहेब म्हणाले. मास्तरांनी चष्मा पुसला, आणि मग तेही हसले. दोन्ही याद्या साहेबांनी घडी करून खिशात घातल्या. "रजिस्टर दोघांचंही सारखंच आहे. खेळा."

गुरुजी तिसऱ्या कोपऱ्यावर आले तेव्हा पाय जड झाले होते. लालसिंग कडेकडेनं धावत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "दादा, हळू! दादा, पडान!"

गुरुजी जागच्या जागी थांबले. गुडघ्यांवर हात ठेवले, दम घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

"दोनदा म्हटलं बे तू," ते म्हणाले. "दोन फेऱ्या. पळ!"

आणि त्यांनी शिटी फुंकली.

लालसिंग सुटला. पहिल्या फेरीला टाळ्या होत्या, दुसरीला लोक उभे राहिले. दोन्ही खांबांना नागमोडी वळसा घालून, एकदा तर कारण नसताना सूर मारून, अंगाला रुपीबाईच्या चुलीतल्या राखेसारखी धूळ लावून तो परत आला. यज्ञेश्वरसाहेब गुरुजींची टोपी हातात धरून शेजारच्याला विचारत होते, "हा पोरगा बाद कोणी केला?"

त्या दिवशीचा सामना तांडा एका गुणानं हरला. देवसिंग शेवटच्या मिनिटाला सापडला, आणि पुढं जन्मभर दोष मिशीला देत राहिला.

परतताना बैलगाडीत गुरुजींचे पाय रुपीबाईनं दिलेल्या तेलानं लालसिंगच चोळत होता.

"दादा, तुमी नातू चुकून म्हणाले का मुद्दाम?"

"अन् तू दादा?"

लालसिंगनं तेलाचा हात दुसऱ्या पायाला लावला. मग गुरुजी म्हणाले, "जोरानं चोळ. उद्या शाळा हाय."

आज लालसिंगच्या घरी स्वतःचे नातू आहेत, आणि तेही त्याला हाच प्रश्न विचारतात: चुकून की मुद्दाम? तो सांगत नाही. अंगणाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "फेरी मारून या, मंग सांगतो."